आधी पत्ता, मग माणूस

शिरगणतीचा फॉर्म लवकरच येत आहे, हे कळवण्यासाठी अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने २००० साली सुमारे १२ कोटी पत्रे धाडली. त्या सगळ्या पत्रांवर घर क्रमांकाच्या आधी एक आकडा जास्तीचा छापला गेला. ४५ नंबरच्या घराचे पत्र १४५ च्या नावे, असा सरसकट प्रकार. तरीही पत्रे ज्याची त्याला पोचली, कारण पाकिटावरचा बारकोड बरोबर होता आणि तिथले पोस्ट खाते पत्त्यापेक्षा बारकोडवर जास्त विसंबते. सरकारी चुकीवर सरकारी यंत्राने पांघरूण घातल्याची अशी उदाहरणे विरळाच.

पण हे भाग्य यादीत असलेल्या घरांचे. जे घर यादीतच नाही, त्याला चुकीचा पत्तासुद्धा मिळत नाही.

१७९० ची पहिली अमेरिकी शिरगणती मार्शलांनी दारोदार फिरून केली. १९७० पासून बहुतेक घरांना फॉर्म टपालाने जाऊ लागला आणि भरून टपालानेच परत येऊ लागला. तेव्हापासून तिथे माणसांच्या आधी पत्ते मोजावे लागतात. गणतीची तारीख १ एप्रिल, फॉर्म मार्चच्या मध्यावर दारात हवा. म्हणजे छापखान्यासाठी यादी कित्येक महिने आधी पक्की झाली पाहिजे. इमारती बांधणाऱ्यांना मात्र हे वेळापत्रक कुणी पाठवत नाही. फेब्रुवारीत एखादे कुटुंब नव्या घरात राहायला येते. गॅस येतो, विजेचे मीटर फिरू लागते, क्रेडिट कार्डाची जाहिरातपत्रे तर पहिल्याच आठवड्यात पेटीत पडतात. सरकारच्या लेखी तिथे अजून मोकळी जमीन असते. असे पत्ते मग मागाहून यादीत घ्यायचे. वेळ उरला असेल तर फॉर्म उशिराच्या टपालाने पाठवायचा, नसेल तर प्रगणकाला पिटाळायचे.

नवी घरे निदान उघडपणे उभी असतात. खरी पंचाईत लपलेल्या घरांची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात दोन कुटुंबांच्या घरात तिसरे तळघरात राहते, कागदोपत्री ते नसतेच. दाराला तिसरी घंटा, भिंतीवर जास्तीचे मीटर, टपालपेटीवर चिकटपट्टीने लावलेले आणखी एक आडनाव. शहराच्या नियोजन विभागाची माणसे अशाच खुणा हेरत गल्लोगल्ली हिंडली आणि ते पत्ते त्यांनी यादीत घालायला लावले. १९९४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना जनगणनेची पत्तायादी पडताळण्याचा हक्क मिळाला आहे. पण ती पाहणाऱ्याने गुप्ततेची हमी लिहून द्यायची, आणि फोडली तर ५ वर्षांपर्यंत कैद व अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. म्हणजे बेकायदा तळघर ज्या यादीत नोंदवायचे, ती यादी त्याच महापालिकेच्या बांधकाम खात्याला दाखवायची नाही. कायदा शहाणा आहे. तळघरातल्या भाडेकरूला ही कलमे कुणी वाचून दाखवलेली नसतात, आणि घरमालकाला तिसरी पेटी लावायचीच नसते, हा भाग वेगळा.

नव्या पत्त्यांच्या मागे लागले की उलटा घोळही होतो. २००० मध्ये पोस्टाची यादी, जुनी जनगणना, प्रत्यक्ष फेरी आणि स्थानिक संस्था, अशा नाना वाटांनी पत्ते आले. एकच घर इकडून ‘दुसरा मजला’ म्हणून आले, तिकडून ‘मागचा जिना’ म्हणून. शंका आली तेव्हा सुमारे २४ लाख पत्ते आणि त्यांवरची ६० लाख माणसे बाजूला काढली गेली. पुढे १४ लाख पत्ते कायमचे गेले, १० लाख पत्ते आणि त्यांवरची सुमारे २४ लाख माणसे परत घेतली. सरकारी भाषेत ही ‘उशिराची भर’. गणती किती अचूक झाली हे तपासणारी पाहणी तोवर पुढे निघून गेलेली असल्याने या २४ लाखांना तिच्यात जागा मिळाली नाही. मोजले, पण पारखले नाही.

त्याच वर्षी ज्या पत्त्यांवर कुणी राहते की नाही हेच शेवटपर्यंत कळले नाही, तिथे जवळच्या घरावरून अंदाज बांधला गेला. शेजाऱ्याकडून विरजण आणावे तशी माणसे आणली. तिथल्या संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसमधल्या जागा राज्यांना गणतीच्या आकड्यांवर मिळतात; या उसन्या माणसांमुळे त्यांतली एक जागा युटाऐवजी नॉर्थ कॅरोलिनाला गेली. दोन राज्यांतला फरक हजाराहूनही कमी होता. युटाने सर्वोच्च न्यायालय गाठले. २००२ मध्ये न्यायालयाने ही रीत घटनेत बसते असा निर्वाळा दिला. घटनेला माणसांची प्रत्यक्ष गणती अभिप्रेत आहे, हे युटाचे म्हणणे काही टिकले नाही.

आपण या सगळ्याला हसायला नको. आपल्याकडे प्रगणक दारावर गेरूने वा खडूने नंबर घालून जातो, त्यामुळे फॉर्म टपालात अडकण्याची भानगड नाही. आपल्याकडे पत्ते उशिरा येत नाहीत, अख्खी जनगणनाच उशिरा येते: २०११ नंतरची थेट २०२७ ला.

अमेरिकेतली पुढची गणती १ एप्रिल २०३० ची. न्यू जर्सीत, टेक्सासात नव्या वसाहतींत घरे घेतलेली मराठी मंडळी आता थोडीथोडकी नाहीत, आणि बेसमेंटमध्ये भाड्याने राहणारे विद्यार्थीही. त्यांनी फॉर्मची वाट पाहत बसू नये. २०२० मध्ये टपालातून आलेला सांकेतिक क्रमांक हाताशी नसला, तरी नुसता पत्ता देऊन ऑनलाइन किंवा फोनवर माहिती भरता येत होती. तशी सोय पुन्हा असेल तर लगेच वापरावी, नसेल तर मागावी. २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्याची काँग्रेसमधली एक जागा गेली, ती ८९ माणसे कमी पडली म्हणून.