आधी लिनक्स, मग निर्लेखन



तालुक्यातील शाळांचे जुने संगणक निर्लेखित करून नव्यांची मागणी नोंदवणार, ही या आठवड्यातील बातमी वाचून संताप आला. कारण असे दिले आहे की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे अद्ययावतीकरण थांबले, विंडोज ११ या यंत्रांवर चढत नाही, सबब यंत्रे निकामी. यातली पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरे कुणी आणि कशाच्या आधारावर केले?

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते, टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. ही एका कंपनीने आपल्या एका मालासाठी घातलेली अट आहे. संगणक चालायला एवढे लागतेच असे नाही. बातमीत या यंत्रांची रॅम २ जीबी असल्याचे जणू गुन्हा शाबित झाल्याच्या थाटात छापले आहे. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीच्या एक्सएफसीई आवृत्तीची किमान गरज किती? २ जीबी! लुबुंटू आणि अँटिएक्स या लिनक्स प्रणाली तर मुद्दाम हलक्या ठेवलेल्या आहेत. त्यातली अँटिएक्स याहूनही कमी रॅमवर चालते. एकीचीही किंमत एक रुपया नाही. कौले बदलायची वेळ आली म्हणून कोणी घर पाडत नाही. सरकारी खर्चाने पाडायचे असेल तर गोष्ट वेगळी.

मी स्वतः निवृत्तीनंतर घरी असलाच २ जीबीचा संगणक वापरतो. हे पत्र त्यावरच टंकले आहे. ब्राउझरमध्ये एकाच वेळी दहा-बारा टॅब उघडले तर तो धापा टाकतो, हे खरे. पण शाळेच्या संगणक खोलीत मुलांनी करायचे काय असते? लिब्रेऑफिसमध्ये पत्र लिहायचे, तक्ता भरायचा, स्क्रॅचमध्ये मांजर चालवायचे, जिओजेब्रात त्रिकोण काढायचा. यातल्या कशाला २ जीबी अपुरे पडते, हे संबंधितांनी जाहीर सांगावे. वेग हवा असेल तर रॅमची एक पट्टी वाढवा, जुनी हार्ड डिस्क काढून लहान एसएसडी बसवा. नव्या संगणकाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. ज्यांना एवढाही करायचा नाही, त्यांनी नुसता पेन ड्राइव्ह लावून लिनक्स सुरू करून पाहावे. हार्ड डिस्कला हातही न लावता यंत्र चालते की नाही, ते समोर दिसते. ही चाचणी एकाही शाळेत झाल्याचे बातमीत नाही.

आता नेहमीची सबब येईल: शिक्षकांना लिनक्स येत नाही. आमच्या शिक्षकांनी दर महिन्याला नवे पोर्टल, नवा पासवर्ड आणि रात्री अकराला पडणारा सर्व्हर सोसून माहिती भरली आहे. त्यांना खालच्या पट्टीवरचा मेनू उघडता येणार नाही, असे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. केरळच्या सरकारी शाळांत दीड दशकाहून अधिक काळ मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवले जाते. तिथल्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार केली आहे. तिथली मुले पुढे नोकरीधंद्यात मागे पडली, असे कुणी ऐकले आहे काय? आणि सी-डॅक या ज्या सरकारी संस्थेने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली, तिचे मुख्यालय आपल्याच पुण्यात आहे. केंद्र सरकारने तर २०१५ मध्येच कार्यालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. धोरण कपाटात आणि संगणक भंगारात, अशी आपली व्यवस्था.

दुसरी सबब मराठीची. लिनक्सवर मराठी नीट येत नाही, असे एका अधिकाऱ्यांनी मला तोंडावर सांगितले. वास्तविक इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच, सेटिंगमध्ये जाऊन तो फक्त निवडायचा. खरी अडचण त्यांच्याच कार्यालयात आहे. युनिकोड येऊन इतकी वर्षे झाली, तरी तिथून येणारे पत्र कुठल्या तरी जुन्या फाँटमध्ये असते. तो फाँट ज्याच्याकडे नाही त्याला मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, मग तो लिनक्सवर असो की विंडोजवर. पालकांना, निवृत्तांना, गावच्या सरपंचांना ती पत्रे वाचता येत नाहीत. त्याबद्दल कुणाचे कधी निर्लेखन झालेले नाही!

यावर कुणी म्हणेल, मुलांना नवे मिळते आहे तर तुमच्या पोटात का दुखते? दुखते, कारण नवे येणार कधी हे बातमीत नाही. जुने मात्र आधी जाणार आहेत. मधल्या काळात संगणक खोलीला कुलूप लागेल आणि मुले पुस्तकातले कीबोर्डचे चित्र पाहून परीक्षा देतील. शिवाय नव्या यंत्रांवर पुन्हा तीच विंडोज येणार. काही वर्षांनी कंपनी पुन्हा एक तारीख जाहीर करील आणि आपण पुन्हा निविदा काढू.

माझी मागणी साधी आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावातील प्रत्येक यंत्रावर आधी हलकी लिनक्स प्रणाली चालवून पाहावी आणि निकाल जडसंग्रह नोंदवहीत लिहावा. जे यंत्र खरोखर सुरूच होत नाही, ते खुशाल मोडीत काढावे. शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनाही विनंती आहे की, या नोंदी पाहिल्याशिवाय निर्लेखनाच्या ठरावावर सही करू नये.

– एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा