होस्टेलची खोली जरूर सजवा, पण ज्योत आणि धूर बाहेर ठेवा

दिवाळीचा आकाशकंदील उतरतो आणि महिनाभरात त्याच खिळ्याला नाताळचा तारा लटकतो. वर्तकनगर, उपवन, पोखरण रोड या भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिघे-चौघे मिळून राहणारे बरेच विद्यार्थी आहेत. त्यातल्या सगळ्यांना सुट्टीत घरी जाता येत नाही. कुणाची परीक्षा असते, कुणाची वॉर्डात ड्युटी असते, तर कुणाचे गाव दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर असते. मग दहा बाय दहाच्या खोलीतच लाइटची माळ, कागदी तारे, एखादे छोटे प्लॅस्टिकचे झाड असा नाताळ आणि नववर्ष साजरे होते.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ही सजावट व्हायला हवी, आणि होस्टेल-पीजी चालवणाऱ्यांनी तिला परवानगी द्यायला हवी. मात्र खोलीत पेटती ज्योत आणि धूर या दोन गोष्टींना पूर्ण मनाई असावी. असे का म्हणतो, ते समजून घेऊया.

सजावट हे नुसते फॅड नाही

घरापासून दूर राहणाऱ्या मुलामुलींना सणाच्या दिवसांत एकटेपणा जास्त जाणवतो. वसईच्या मुलीला घरचा नाताळचा गोठा आठवतो, साताऱ्याच्या मुलाला दिवाळीचा किल्ला. झोप बिघडते, भूक मंदावते, कारण नसताना डोके दुखते. अशा वेळी चौघांनी मिळून एक भिंत सजवली, तर तेवढा वेळ मोबाइल बाजूला राहतो आणि माणसे एकमेकांशी बोलतात. याला औषध म्हणता येणार नाही, पण आधार नक्कीच मिळतो.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अभ्यासातून मन उडाले किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येऊ लागले, तर मात्र सजावटीने भागणार नाही. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. तिथे मोफत आणि मराठीतही बोलता येते. जगण्याचा कंटाळा येत असेल, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी बोला.

लहान खोलीत धूर कुठे जातो?

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत हवा असते साधारण २८ घनमीटर. त्यात चार माणसे श्वास घेतात. थंडी वाजते, डास येतात म्हणून खिडकी बंद. अशा खोलीत उदबत्ती, धूप किंवा सुगंधी मेणबत्ती लावली, की सूक्ष्म कण तिथेच फिरत राहतात. उदबत्तीवरील संशोधनाच्या एका आढाव्यानुसार एक ग्रॅम उदबत्ती जळताना ४५ मिलिग्रॅमहून जास्त कण बाहेर पडतात, तर एक ग्रॅम सिगारेट जळताना सुमारे १० मिलिग्रॅम. उदबत्ती म्हणजे सिगारेट नव्हे, पण वास चांगला आहे म्हणून धूर निरुपद्रवी होत नाही.

त्यात हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे हवा स्थिर असते आणि बाहेरचे प्रदूषणही जमिनीलगत साचते. दमा किंवा ॲलर्जी असलेल्याला रात्री खोकल्याची उबळ येणे, छातीत घरघर होणे यांची सुरुवात इथून होऊ शकते. म्हणून एक साधा नियम करा: खोलीतल्या एकालाही दमा असेल, तर धूर, परफ्यूम स्प्रे आणि कृत्रिम बर्फाचा फवारा यांना त्याचा नकार अंतिम. बहुमत घ्यायचा हा विषय नाही. आणि ज्याला दमा आहे, त्याने नेहमीचा इनहेलर सुट्टीतही बंद करू नये.

मागच्या वर्षीची सजावट खोक्यातून काढताना ती खोलीबाहेर, नाकावर मास्क लावून झटका. धुता येईल ती धुऊन वाळवा. त्या खोक्यात वर्षभराची धूळ असते.

माळ नव्हे, बोर्ड तापतो

एलईडीची माळ जेमतेम काही वॉट वीज घेते. धोका बहुधा ती ज्या एक्स्टेंशन बोर्डला लावली आहे, तिथे असतो. त्याच बोर्डवर चार मोबाइल, लॅपटॉप, इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड! १५०० वॉटचा रॉड एकटाच साडेसहा अँपिअर वीज ओढतो. साधा बोर्ड बहुतेक वेळा सहा अँपिअरचाच असतो. वायर तापते, वरचे प्लॅस्टिक मऊ होते, आणि शेजारी कागदी तोरण असेल तर ठिणगी पुरते.

हे पाळा:
- रॉड, किटली, इस्त्री भिंतीतल्या मोठ्या सॉकेटलाच. बोर्डला बोर्ड जोडू नका.
- माळ आयएसआय चिन्हाची घ्या. वायर कुठे उघडी असेल, तर टेप लावून वापरू नका, टाकून द्या.
- माळ पलंगाच्या लोखंडी दांड्याला किंवा खिडकीच्या ग्रीलला गुंडाळू नका. वायर सोलली गेली, तर पूर्ण ग्रीलमध्ये करंट उतरू शकतो.
- झोपताना आणि बाहेर जाताना बटण बंद. रात्रभर उजेड राहिला, तर झोप आणणारे मेलाटोनिन कमी तयार होते. लुकलुकणाऱ्या निळ्या-पांढऱ्या दिव्यांपेक्षा स्थिर पिवळा प्रकाश डोळ्यांना आणि झोपेला बरा.
- थर्माकोल नको. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, शिवाय तो झटकन पेटतो आणि त्याचा काळा धूर घातक असतो.

दार आणि खिडकी मोकळी हवी

२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या कमला मिलमध्ये पबला आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. त्यातल्या बहुतेकांचा मृत्यू गुदमरून झाला. डॉक्टर म्हणून मला यातली हीच गोष्ट तुमच्यापर्यंत पोहोचवायची आहे. आगीत ज्वाळेच्या आधी धूर गाठतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

आपल्याकडच्या इमारतींत खिडक्यांना ग्रील असते. म्हणजे बाहेर पडायचा रस्ता एकच: दार. त्यामुळे दारावर पडदे, झिरमिळ्या, कागदी सजावट नको. झाड किंवा बॅगा दारात नकोत. ग्रीलला उघडणारा भाग असेल, तर त्याची किल्ली कुठे आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत हवे.

भाजले किंवा आग लागली तर

भाजलेला भाग लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. अंगठी, घड्याळ, बांगड्या सूज येण्याआधी काढा. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ यातले काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापड सैल झाका. जखम तुमच्या तळव्याहून मोठी असेल, चेहरा, हात, सांधा किंवा जननेंद्रियाजवळ असेल, किंवा विजेने भाजले असेल, तर जखम छोटी दिसली तरी डॉक्टरांना दाखवा.

शॉक लागलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नका. धूर झाला असेल, तर खाली वाकून बाहेर पडा, दार मागे ओढून घ्या आणि सामानासाठी परत फिरू नका. अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, कोणतीही मदत ११२.

होस्टेल आणि पीजी चालकांना दोन शब्द

"खोलीत काहीही लावायचे नाही" हा नियम लिहायला सोपा असतो. पण नियम इतका कडक असला, की मुले दार लावून, पडदे ओढून, रात्री उशिरा चोरून मेणबत्ती पेटवतात. म्हणजे धोका कमी होत नाही, फक्त तुमच्या नजरेआड जातो. त्याऐवजी सेलवरच्या माळा आणि कागदी तारे यांना परवानगी द्या, ज्योतीला नाही. ज्यांना प्रार्थनेसाठी किंवा पूजेसाठी दिवा लावायचा असेल, त्यांना हॉलमध्ये किंवा गच्चीत एक जागा ठरवून द्या, जिथे कुणी तरी शेजारी असेल आणि पाण्याची बादली असेल. एका संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावून सगळे बोर्ड तपासून घ्या. त्याचा खर्च फार नसतो.

पालकांनीही फोनवर "जेवलास का?" यासोबत "तुमच्या खोलीत रॉड कुठे लावता?" हे एकदा विचारावे.

सुट्टीत घरी जाता आले नाही, तरी खोलीत घर आणता येते. त्यासाठी चार कागदी तारे, एक पिवळी माळ आणि सोबतची माणसे पुरतात. दुपारी तासभर खिडकी उघडा, रात्री बटण बंद करा आणि शांत झोपा.