काटा हवा, दिवा नको

मोटारीच्या आत जादा मीटर बसवणारा माणूस उडाणटप्पूच असतो, असा आपल्याकडे एक सर्वमान्य समज आहे. या समजाशी मला आज भांडायचं आहे. माझं वय, माझी मोटार आणि माझी नारायण पेठ या तिन्ही गोष्टी ध्यानात घेता हे भांडण माझं नव्हे, असं कोणीही म्हणेल. पण पेठेत राहून माणसानं फक्त स्वतःचीच भांडणं भांडायची म्हटली, तर दिवस जायचा कसा?

निमित्त आमच्या पुतण्याचं. त्यानं गाडीत ‘गेज पॉड’ बसवायला घेतला. पॉड म्हणजे शेंग. ही शेंग प्लास्टिकची असते आणि तिच्यात ५२ मिलिमीटरचे गोल मीटर दाण्यांसारखे बसतात. याच्या शेंगेत दोन दाणे होते. एक इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगणारा, दुसरा ऑइलचा दाब सांगणारा. नाना पेठेतून सामान आलं, आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पुतण्या बॉनेटखाली शिरला आणि गॅलऱ्यागॅलऱ्यांतून अभिप्राय सुरू झाले. “विमान करतोस की काय रे?” “लग्न होईस्तोवर चालायचंच हे!” आणि तिसऱ्या मजल्यावरून आलेला सर्वांत भारदस्त सवाल, “लागत असता तर कंपनीनंच दिला नसता का? कंपनीला काय अक्कल नाही?”

कंपनीला अक्कल आहे हो. तिथंच तर गोम आहे.

पूर्वी मोटारीत तापमानाचा काटा असे. थंड आणि गरम या दोन टोकांमधून तो फिरे आणि इंजिनाची तब्येत कळे. अलीकडच्या पुष्कळ छोट्या गाड्यांतून हा काटा गेला आणि दिवा आला. इंजिन गार असलं की निळा, फार तापलं की लाल. मधल्या सगळ्या मुक्कामात गाडीचं मौनव्रत! असले दिवे अमेरिकेच्या हडसन कंपनीनं १९३० च्या दशकात आणले. इंग्रजीत त्यांना ‘इडियट लाइट’ म्हणतात. यातला इडियट म्हणजे दिवा नव्हे, त्याच्यासमोर बसलेले आपण.

काटा आणि दिवा यांतला फरक घाटात कळतो. मे महिन्यात, भरल्या गाडीनं खंबाटकी चढताना काटा जरा वर सरकला की माणूस एसी बंद करतो, पाय हलका ठेवतो, बाजूला जागा बघून थांबतो. दिव्याच्या गाडीत तो गाणी ऐकत असतो. लाल दिवा लागतो तोवर पाणी उकळायच्या बेताला आलेलं असतं. फार तापलं की इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि हेड गॅसकेट जातं. आमच्या दुसऱ्या मजल्याला हे दोन्ही एकाच चढावर घडलं. बिल बघून त्यांच्या चेहऱ्यावर लागलेला लाल दिवा मी स्वतः पाहिलाय.

बरं, काही गाड्यांत काटा ठेवलाय. पण तोही पढवलेला! पाणी बरंच कमीजास्त तापलं तरी तो मधोमध गप्प उभा राहतो आणि अगदीच गळ्याशी आलं की एकदम उसळतो. हा काटा नव्हे, खुंटी आहे. का म्हणाल, तर काटा हलला की गिऱ्हाईक घाबरून तक्रार घेऊन येतं.

लोक घाबरतात? पोराला ताप आला तर आपण ‘किती आहे?’ असंच विचारतो ना? नव्याण्णव असेल तर कपाळावर पट्टी, एकशे तीन असेल तर डॉक्टर. पोराच्या कपाळावर लाल दिवा बसवून ‘पेटला की या’ असं सांगणाऱ्या डॉक्टरकडे आपण जाऊ काय? आकडा माणसाला घाबरवत नाही, उद्योगाला लावतो.

आणि हे नारायण पेठेला शिकवायला नको. नदी आमच्या पाठीशी. पावसाळ्यात इथली माणसं ‘पूर आला का?’ म्हणून विचारत नाहीत. ‘खडकवासल्यातून किती सोडलंय?’ म्हणून विचारतात आणि क्युसेकच्या आकड्यावरून भिडे पुलाचं भवितव्य सांगतात. ही सवय उगीच लागलेली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं. आदल्या रात्री जवान धरणावर वाळूची पोती रचत होते, आणि सकाळी पेठांतली माणसं नेहमीच्या कामांना लागली होती. पाणी कुठवर चढलंय हे धरणावरच्यांना दिसत होतं. ज्यांच्या वाड्यांत ते शिरणार होतं, त्यांना ते वेळेवर कळलं नाही. मोटार आणि धरण यांची बरोबरी मी करत नाही. पण ज्याचं जायचं त्यालाच शेवटी सांगायचं, ही खोड दोन्हीकडे एकच.

आता शेंगवाल्यांनाही दोन शब्द. हौशी लोक शेंग समोरच्या काचेच्या कडेच्या खांबावर बसवतात. पुतण्याचाही तोच बेत होता. पुष्कळ गाड्यांत पडद्याची एअरबॅग त्या बाजूनंच उघडते. ऐन वेळी शेंग आडवी यायची किंवा थोबाडावर यायची. शिवाय त्या खांबाआड आधीच एक अख्खा माणूस लपतो, आणि आमच्या गल्ल्यांत लपायला माणसं कमी नाहीत.

“पण काका, तिथं दिसायला भारी दिसतं हो!”

“अरे, दिसायला बसवतोयस की बघायला?”

शेंग डॅशबोर्डाच्या मध्यावर, खालच्या अंगाला आली. ऑइलच्या जागी टी जोडून कंपनीचा दिवाही चालू ठेवला. वायर रबरी बुचातून आत घेतली, वीज फ्यूजमधून. मीटर बसवावा तर असा.

खरी चीड मला वेगळ्याच गोष्टीची आहे. गाडीला पाण्याचं तापमान ठाऊक असतं! इंजिनातला सेन्सर ते गाडीच्या कॉम्प्युटरला क्षणोक्षणी सांगत असतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटात यंत्र खुपसलं की मेकॅनिकला ते अंशांत वाचता येतं. म्हणजे गाडीला माहीत, मेकॅनिकला माहीत, आणि हप्ते भरणारा तेवढा अंधारात. समोर पाटीएवढा पडदा असतो. त्यावर गाण्याचं नाव येतं, फोन करणाऱ्या मेव्हण्याचं नाव येतं. तापमानाचे दोन आकडे तेवढे मावत नाहीत!

ते मावले पाहिजेत, एवढीच माझी मागणी आहे. ज्याला आकडा नको, त्यानं खुशाल झाकून ठेवावा. पण तो मागायला मालकाला नाना पेठेत जावं लागू नये. तोवर आमच्याकडे शेंगा बसत राहतील. हसणाऱ्यांनी जरूर हसावं. फक्त हसण्याआधी, आपल्या गाडीतलं पाणी या क्षणी किती तापलंय, तेवढं सांगावं.