निरोपाची नोंद कोणाच्या हाती?



ड्युटीचा हुकूम आता कागदावर कमी आणि मोबाईलच्या ग्रुपवर जास्त येऊ लागला आहे. रात्री अकराला निरोप येतो आणि पहाटे हजर व्हायचे असते. पुढे काही बिनसले की निरोप पुसलेला असतो. चार्जशीट मात्र कामगाराच्या हाती पडते. म्हणून हा निरोप कोणत्या वाटेने येतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

समजा, रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहणारा एक ट्रॅकमन शेजारच्या पोस्टमनला सभेचा निरोप पाठवतो. मध्ये एका भिंतीचे अंतर. पण निरोप जातो परदेशी कंपनीच्या सर्व्हरवरून. सर्व्हरचे काम आरएमएसच्या सॉर्टिंगसारखेच. पत्ता पाहायचा, योग्य खणात टाकायचे, घेणारा नसेल तर राखून ठेवायचे. मजकूर कुलूपबंद असला तरी कोणी, कोणाला, केव्हा लिहिले याची नोंद ठेवायची की नाही, हे कंपनीच ठरवते. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुकच्या देखभालीतील एका चुकीने व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. अशा भरवशावर संघटनेचे काम सोडता येणार नाही.

असा सर्व्हर स्वतः उभारता येतो. 1999 साली 'जॅबर' नावाने सुरू झालेली आणि 2004 मध्ये 'एक्सएमपीपी' म्हणून इंटरनेटचे मानक ठरलेली पद्धत सर्वांना खुली आहे. तिच्यावर चालणारी 'ईजॅबरडी' ही प्रणाली विनामूल्य मिळते. व्हॉट्सअ‍ॅपची सुरुवातही तिच्यावरच झाली. शाखांपुरते काम एक साधा संगणक पेलतो. दोन सॉर्टिंग कचेऱ्या थैल्यांची देवघेव करतात, तसे रायपूर आणि नागपूरचे सर्व्हर एकमेकांना निरोप पोचवतात. मात्र प्रणाली फुकट मिळाली म्हणून ती फुकट चालत नाही. नोंदवलेले नाव, सुरक्षा प्रमाणपत्र, रोजचा बॅकअप, विजेची सोय आणि जबाबदार माणूस लागतो. हा खर्च वर्गणीतून, चोख हिशेबाने व्हावा.

प्रशासनाचे काय? सरकारनेच एनआयसीकडून 'संदेस' ही सेवा तयार करून घेतली आहे. म्हणजे स्वतःच्या सर्व्हरचे महत्त्व सरकारलाही पटले आहे. पण सर्व्हर सरकारी झाला, एवढ्याने कामगाराचे रक्षण होत नाही. रेल्वेत स्टेशन मास्तर गाडीसाठी प्रायव्हेट नंबर देतो, तेव्हा तो वेळेसह दोन्ही टोकांना लिहिला जातो. एकाने नाकारला तरी दुसऱ्याकडे पुरावा राहतो. गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी जो नियम आवश्यक ठरला, तोच कामगाराच्या नोकरीसाठी का नसावा?

रेल्वेच्या पीएनएम बैठकीत आणि टपाल खात्याच्या जेसीएममध्ये आमच्या मागण्या अशा असाव्यात : ड्युटीचा हुकूम अधिकृत सर्व्हरवरूनच यावा, त्याची न पुसता येणारी प्रत कामगाराला मिळावी, ड्युटीनंतर आलेला निरोप वाचला नाही म्हणून कारवाई होऊ नये. 2018 मध्ये सुप्रिया सुळे यांनी ड्युटीनंतर फोन न घेण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. कायद्याची वाट पाहत बसणे आपल्याला परवडणारे नाही.

तोपर्यंत प्रत्येक शाखेने एवढे करावे : ग्रुपवर आलेला हुकूम वेळेसह वहीत उतरवावा आणि संगणक जाणणारे दोन तरुण साथी या कामाला नेमावेत. आपल्या निरोपाची नोंद आपल्या हाती असलीच पाहिजे.