चौकीत चालते, शाळेत का नाही?

बंगळुरूत ८ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या ‘कृष्णा’ या गृहकार्यालयात सहा नक्षलवाद्यांनी शरणागती पत्करली. त्यांत चार स्त्रिया होत्या. जेमतेम दीड महिन्यापूर्वी त्यांचा म्होरक्या विक्रम गौडा उडुपी जिल्ह्यात नक्षलविरोधी पथकाच्या गोळीबारात मारला गेला होता. तेव्हा बंदुकीचा धाक होताच. पण धाकाने माणूस जंगलात आणखी आतही शिरतो. बाहेर यायचे तर ज्याच्या शब्दावर विसंबता येईल असा कोणी मध्ये लागतो. ते काम शांततेसाठी धडपडणाऱ्या नागरिकांनी केले. २०१४ मध्ये स्वतः भूमिगत चळवळीतून बाहेर आलेले नूर श्रीधर त्यांत होते. ही वाट आधी पाडणाऱ्यांत पत्रकार गौरी लंकेश होत्या. २०१७ मध्ये त्यांची याच बंगळुरूत हत्या झाली. कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानापायी उठवले जाण्याची धास्ती कर्नाटकातील मलनाडच्या आदिवासी घरांत किती खोल रुजली आहे, हे या मंडळींना ठाऊक होते.

लोकांना ओळखणाऱ्यांच्या बळावर काम करणे महाराष्ट्राला नवे नाही. गडचिरोलीत १९९० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या सी-६० या नक्षलविरोधी पोलीस पथकात स्थानिक तरुण घेतले गेले, ते माडिया, गोंडी बोलणारे आणि पायवाटा जाणणारे म्हणून. या पथकाने मोठी किंमत मोजली आहे. पुढे दुर्गम पोलीस मदत केंद्रांत ‘दादालोरा खिडकी’ सुरू झाली. जातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला खेटे घालणाऱ्याचे काम गावाजवळ होऊ लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली, त्यामागे या कामाचाही वाटा आहे, असे आम्ही मानतो.

मात्र लोकांची ओळख केवळ शत्रू हुडकण्यासाठी करून घेतली तर ती टिकत नाही. अमेरिकी लष्कराने २००७ पासून इराक, अफगाणिस्तानात तुकड्यांबरोबर समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ धाडले. अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच त्याला विरोध केला आणि काही वर्षांत तो उपक्रम गुंडाळावा लागला.

आपल्याकडची विसंगती याहून बोचरी आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली. ज्या भाषेच्या जोरावर राज्य माग काढते, त्याच भाषेत सहा वर्षांचे पोर बेरीज शिकले तर नियम आडवे येतात! भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. तलाठी, वनरक्षक आणि दवाखान्यातील परिचारिका यांच्यापैकी किती जणांना माडिया येते, याचाही हिशेब मांडायला हवा.

शस्त्रे खाली आली की सरकारचे लक्ष उडते आणि बदलीची यादी लागते. या वेळी तसे होऊ नये. मोहगावसारख्या शाळांना मान्यता द्यावी, गोंडी-माडिया शिक्षकांची पदे निर्माण करावीत आणि त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात तरतूद करावी.