आशेची मुदत

शेअरबाजारावर मी लिहावं, हे काही जणांना गमतीचं वाटेल. बी.ए. इतिहास, तेही मराठी माध्यमातून, आणि पुढे सारा जन्म खडू-फळ्यात गेला. पण हल्ली घरातल्या तरुण मंडळींच्या तोंडी एक वाक्य सारखं ऐकते, "बाजार शेवटी वरच जातो." आता हे वाक्य अर्थशास्त्राचं नाही, इतिहासाचं आहे. म्हणजे माझ्या विषयातलं. तेव्हा लिहिते.

पुरावा म्हणून अमेरिकेचा शंभर वर्षांचा आलेख दाखवतात. मीही पाहिला. १९२९ च्या सप्टेंबरात डाऊ जोन्स निर्देशांक ३८१ वर होता. १९३२ च्या जुलैत ४१. पुन्हा ३८१ व्हायला १९५४ चा नोव्हेंबर उजाडला. मोबाईलच्या पडद्यावर ही पंचवीस वर्षं करंगळीच्या पेराएवढीसुद्धा भरत नाहीत. पण १९२९ साली जो माणूस पस्तिशीचा होता तो १९५४ साली साठीचा झाला होता! लाभांश मोजला, शिवाय मंदीत वस्तूही स्वस्त झाल्या होत्या तेही धरलं, तर ही मुदत बरीच कमी भरते. तेवढं प्रामाणिकपणे सांगायला हवं.

जपानचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. १९८९ च्या डिसेंबरअखेर निक्केई ३८,९१५ वर होता. तेव्हा जगातला सर्वांत मोठा शेअरबाजार अमेरिकेचा नव्हे, जपानचा होता. टोकियोतल्या राजवाड्याच्या आवारातली जमीन विकली तर अख्खं कॅलिफोर्निया विकत घेता येईल, असं तेव्हा लोक म्हणत. शिस्तीचा, कष्टाळू देश, उत्तम कारखाने, त्याच्यावर नाही भरवसा ठेवायचा तर कोणावर? आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला. २००९ च्या मार्चमध्ये निर्देशांक ७,०५४ पर्यंत उतरला. १९८९ चा आकडा ओलांडला गेला तो २२ फेब्रुवारी २०२४ ला. चौतीस वर्षं! यात जपानी माणूस आळशी झाला होता की त्याच्या मोटारी बिघडल्या होत्या? काही नाही. त्या मोटारी जगभर धावतच होत्या. देश चांगला असणं आणि त्याचा शेअर आज योग्य भावात मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढंच. ज्यांनी एकरकमी न टाकता पुढची पंचवीस-तीस वर्षं दरमहा थोडे थोडे घेतले, त्यांचं मात्र बरं झालं.

ही झाली जिवंत राहिलेल्या बाजारांची गोष्ट. मेलेल्या बाजारांचे आलेख कोणी फॉरवर्ड करत नाही. रशियन राज्यक्रांती मी वर्गात अनेकदा शिकवली. झार, लेनिन, भाकरी, शांतता, जमीन... पण पीटर्सबर्गच्या शेअरबाजाराचं काय झालं, असं कुठल्या विद्यार्थ्याने विचारलं नाही आणि पुस्तकातही ते नव्हतं. तिथल्या भागधारकांचं सगळं गेलं. १९१८ साली नव्या सरकारने झारची कर्जंही नाकारली. त्यात लाखो फ्रेंच माणसांची शिल्लक बुडाली. शिक्षक, दुकानदार, विधवा अशी साधी माणसं, आणि त्यांनी घेतले होते ते सरकारी कर्जरोखे, "सुरक्षित" म्हणून. १९४९ साली शांघायचा बाजार असाच संपला. ही फार जुनी गोष्ट वाटत असेल तर २०२२ आठवा. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मॉस्कोचा शेअरबाजार जवळजवळ महिनाभर बंद राहिला, परदेशी गुंतवणूकदारांचे पैसे अडकले, आणि जागतिक निर्देशांकांतून रशियाचे शेअर जवळपास शून्य किमतीला काढून टाकले गेले.

एवढं वाचून कोणी म्हणेल, बाई मुदत ठेवीच्याच बाजूच्या. मुळीच नाही! रुपयात बसून राहणं हीसुद्धा एक पैज आहे, फक्त तिला कोणी पैज म्हणत नाही. २००५ साली डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता. २०२४ अखेर तो ८५ च्या पुढे गेला. ज्यांच्या मुलांना पुढे परदेशी शिकायला जायचंय, त्यांनी सगळी शिल्लक रुपयात ठेवली तर सुरक्षित काय राहिलं? आणि याच काळाने आशेच्या बाजूनेही भरपूर साक्ष दिली आहे. १९४५ साली बेचिराख झालेले जर्मनी नि जपान पुन्हा उभे राहिलेच की. अख्खं जग एकदम बुडाल्याचा दाखला मला सापडत नाही. एकेक देश बुडाल्याचे सापडतात. म्हणून बऱ्याच देशांत पैसे पसरून ठेवणं मला पटतं. त्यात एक नम्रता आहे, उद्या कोण पुढे जाईल ते मला ठाऊक नाही, अशी. फक्त "जागतिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या फंडात निम्म्याहून जास्त वाटा एकट्या अमेरिकेचा असतो, तो बघून घ्यावा. १९८९ ला असाच जपान सगळ्यांत वर होता.

आता ज्याच्यासाठी हे लिहितेय त्याच्याकडे येते. आमच्या भाच्याने आणि भाचेसुनेने घरासाठी अठरा लाख जमवलेत. घर तीन वर्षांनी घ्यायचंय. तोवर ते सगळे अमेरिकेच्या फंडात टाकायचं त्याच्या मनात आहे. "आत्या, ठेवीत सडवू का?" म्हणतो. अरे, २००७ च्या ऑक्टोबरपासून २००९ च्या मार्चपर्यंत अमेरिकेचा एस अँड पी निर्देशांक १,५६५ वरून ६७६ पर्यंत आला. मधल्या काळात रुपया घसरला म्हणून आपल्या माणसाला धक्का थोडा कमी बसला असता. तरी तुझ्या अठराचे दहाच राहिले असते, आणि बिल्डर थांबला नसता. बाजार पुढे सावरलाही, पण तुझ्या तारखेनंतर.

आशावादी असावं की सावध, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. पैसे कोणत्या तारखेला लागणार, हे आधी विचारावं. घराचे अठरा लाख सडू देत ठेवीत. पण तू आज एकतीस वर्षांचा. निवृत्तीसाठी जे दरमहा टाकतोस त्यातला काही भाग जरूर जगभर पसर, आणि बाजार पडला की थांबवू नकोस. तिथे तुझ्यापाशी तीस वर्षं आहेत.

माझ्यापाशी नाहीत. तरी माझेही थोडे पैसे बाहेर आहेत. निम्मे झाले तरी औषधं नि दूध चालू राहील, एवढेच. पेन्शन आहे म्हणून जमतं. तेही मी भारतीय म्युच्युअल फंडातूनच ठेवलेत, थेट अमेरिकन शेअर घेतले नाहीत. कारण अमेरिकेत न राहणाऱ्या परक्या माणसाच्या नावावर तिथले ६० हजार डॉलरपेक्षा जास्तीचे शेअर असले, तर त्याच्या मृत्यूनंतर वरच्या रकमेवर तिथलं सरकार ४० टक्क्यांपर्यंत वारसाकर लावू शकतं. आमच्या वयाच्या ज्यांना मुलांनी तिकडची खाती उघडून दिली आहेत, त्यांनी हे एकदा सीएला विचारून घ्या. आणि नॉमिनीचं नाव भरलंय का, तेही बघा.