उचल न केलेल्या मालाचा धनी

बल्लारशाहच्या आगारात सागवान लिलावात घेऊन, पैसे चुकते करून, खरेदीदार वर्षभर फिरकलाच नाही, तर ते ओंडके कोणाचे? १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे त्याचेच. अटीपत्रात निराळे ठरले नसेल, तर निवडून तयार असलेल्या मालाची मालकी सौदा होताच पालटते आणि जोखीमही तिच्यामागून जाते. विक्रेत्याची हयगय नसता वाळवी लागली, तर हानी खरेदीदाराची. विक्रेत्याने कळवूनही वाजवी मुदतीत उचल केली नाही, तर कलम ४४ प्रमाणे राखणावळही त्याच्याच माथी. फेरविक्रीचा अधिकार मात्र कलम ५४ देते तो पैसे न मिळालेल्या विक्रेत्यास. पैसे पदरात पडल्यावर ओंडके पुन्हा आपलेच समजणे आम्हांस सरळसरळ अन्यायाचे वाटते. खरेदीदार निवर्तला, तरी हक्क वारसांकडे येतो. तेव्हा वडिलांच्या पेटीतील लिलावाची पावती रद्दीत घालू नये.